‘ठाण्याला पाठवा’पासून ‘शुभार्थी’पर्यंत

चिंचपोकळीच्या चाळींत आपण सगळ्याजणी एक वाक्य ऐकत मोठ्या झालो : ‘याला ठाण्याला पाठवा.’ कुणी एकटंच बडबडलं, रात्र रात्र जागलं, विनाकारण संतापलं, की थट्टेत नाहीतर रागात हे वाक्य यायचंच. पुण्याकडे ठाण्याच्या जागी येरवडा म्हणत. आज आपण या वाक्यामागचा इतिहास बघणार आहोत. मनाचा आजार बरा होण्यात औषधाइतकाच घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा वाटा असतो, हे समजायला आपल्याला फार वर्षं लागली. ती कशी लागली, त्याची ही गोष्ट.

इंग्रजांच्या काळात मुंबईतलं वेड्यांचं इस्पितळ कुलाब्याला होतं. १९०१ साली ठाण्यात नवं इस्पितळ झालं, येरवड्यालाही मोठं इस्पितळ उभं राहिलं. १९१२ साली सरकारने वेडाविषयी कायदा केला. त्याचा सगळा भर माणसाला वेगळं ठेवण्यावर होता. भरती करायची तर बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. म्हणजे ताप आला तर डॉक्टरकडे जायचं आणि मन बिघडलं तर कोर्टाकडे. घरच्यांनी माणसाला इस्पितळाच्या दारापर्यंत पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. आत काय उपचार होतात, माणूस परत आला तर त्याच्याशी कसं वागायचं, हे त्यांना कुणी सांगत नसे.

दुसऱ्या आजारांचं असं नव्हतं. आपल्याच चिंचपोकळीत साथीच्या रोगांचं इस्पितळ प्लेगच्या काळापासून आहे. आज आपण त्याला कस्तुरबा म्हणतो. साथ आली की पाणी उकळा, भांडी झाका, लस टोचून घ्या, असं वस्तीला शिकवलं जाई. मनाच्या आजाराबद्दल मात्र वस्तीला कुणी काही शिकवलं नाही. मग ‘बाहेरचं झालंय’, ‘कुणीतरी करणी केलीय’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’, एवढेच शब्द आपल्या हाती राहिले.

लालबाग ओलांडलं की परळ. तिथे १९२६ साली केईएम रुग्णालय सुरू झालं. पुढे डॉ. एन. एस. वाहिया यांनी तिथला मानसोपचार विभाग उभा केला आणि योगाचा उपचारात कसा उपयोग होईल याचाही अभ्यास केला. गिरणगावाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. केसपेपर काढायचा, डॉक्टरांना दाखवायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, असं मनाच्या आजाराचंही होऊ शकतं हे लोकांनी पाहिलं. त्याच सुमारास, १९५०च्या दशकात, तिकडे पंजाबात अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथेच राहायला बोलावलं. नातेवाइकांनी आजार समजून घ्यायचा, सेवा शिकायची आणि आपल्या माणसाला घेऊन घरी जायचं. कुटुंबाला शिकवणं हाही उपचारच आहे, हे त्या तंबूंनी दाखवून दिलं.

आता आपल्या गिरणगावाकडे येऊ. इथे माणसाला माणसाची सोबत भरपूर होती. एकेका गाळ्यात गावकीची वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीने झोपत. खाणावळवाल्या बाया त्यांना जेवू घालत. सत्तरच्या दशकातल्या संपात या बायांनी कामगारांना उधारीवर जेवण दिलं आणि स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. त्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट उघडली. बायकांनी एकत्र बसून आपलं दुःख बोलायचं आणि त्यावर उपाय शोधायचा, याचा हा आपल्या दारातला धडा. पण तिथे जे दुःख बोललं जाई ते भुकेचं, कर्जाचं. मनाच्या दुखण्याला तोवर वाचा फुटली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. कितीतरी बाया घरकामाला लागल्या, भाजी विकायला बसल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारा माणूस दिवसभर गॅलरीत बसून राहू लागला. त्याच्या न बोलण्याला, पिण्याला, चिडण्याला आपण ‘संपाने माणूस खचला’ म्हटलं. ते खरंही होतं. पण त्या खचण्यावर उपचार असतो, हे चाळीला कोण सांगणार? योगायोग असा, की याच १९८२ साली भारत सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. मनाच्या आजाराचे उपचार साध्या दवाखान्यापर्यंत न्यायचे, असं त्यात ठरलं होतं. ते कागदावरून वस्तीत यायला पुढे बरीच वर्षं गेली.

वाट काढली ती डॉक्टर आणि कुटुंबं यांनी मिळून. २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदत केली. तिथे रुग्णांच्या बायकांचाही गट जमू लागला, त्याचं नाव ‘सहचरी’. नवरा पितो तो आपल्या नशिबाने किंवा आपल्या चुकीने, असं मनात धरून बसलेली बाई तिथे दुसऱ्या बाईचं ऐकते आणि तिच्या मनावरचं ओझं थोडं उतरतं.

१९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी एक संस्था काढली, आयपीएच. कुठे? ठाण्यातच! ज्या गावाचं नाव शिवीसारखं वापरलं जायचं, तिथे लोक आपणहून मनाबद्दल शिकायला जाऊ लागले. १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. ती काढणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते आणि हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. त्यांच्याच पुढाकाराने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. अशा आजारात घरातल्या बहिणीची काय ओढाताण होते, ते मराठी माणसाने पडद्यावर बघितलं.

या कामातून दोन सुंदर शब्द रुजले. आजारातून वाट काढणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणारा तो ‘शुभंकर’. ‘वेडा’ म्हटलं की माणूस संपला. ‘शुभार्थी’ म्हटलं की त्याला कुठेतरी पोचायचं आहे, हे आपण कबूल करतो. आणि शुभंकर, म्हणजे बहुतेक घरांत आई, बायको किंवा बहीण, तिलाही नाव मिळालं.

कायदाही बदलला. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. उपचार मिळणं हा आता हक्क आहे, आणि समाजात राहणं हाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं हा कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा नको, मदत हवी, असं सांगतो. शेजारच्या गोव्यात तर साध्या स्थानिक व्यक्तींना शिकवून सरकारी दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवलं. नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण त्यांच्या मदतीने जास्त प्रमाणात बरे झाले, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

मैत्रिणींनो, गिरणगावाकडे सोबत होती तेव्हा शब्द नव्हते. आता शब्द आलेत, पण चाळी जाऊन टॉवर होताहेत आणि दारं बंद होताहेत. बंद दाराआड आजार लपतो, गोळ्या अर्धवट सुटतात, सांभाळणारी बाई एकटी पडते. म्हणून आम्ही एवढंच सुचवतो. आपल्या भिशीत, भजनी मंडळात, बचत गटात महिन्यातून एकदा या विषयावर बोलू या. कुणाच्या घरी शुभार्थी असेल तर ‘बरं वाटतंय ना, मग गोळ्या कशाला?’ असं म्हणू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नसते. त्यांना हळदीकुंकवाला, बारशाला, गणपतीला बोलावत राहा. शुभंकर बाईला सांगा, ‘आज दुपारी मी बसते त्याच्याजवळ, तू जरा बाहेर जाऊन ये.’ आणि कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचं आलं, तर एकटं सोडू नका. सरकारचा टेली-मानस हा मोफत फोन रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. नंबर आहे १४४१६. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.