दिनविशेष : २५ जून

लॉर्ड्सच्या मैदानावर २५ जून १९३२ रोजी भारत पहिल्या कसोटीसाठी उतरला. कर्णधार होते नागपुरात जन्मलेले सी. के. नायुडू. महंमद निसारच्या माऱ्यापुढे इंग्लंडची ३ बाद १९ अशी दाणादाण उडाली. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत होऊनही नायुडूंनी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या. १५८ धावांनी हरलो खरे, पण ती हार मान खाली घालायला लावणारी नव्हती.

त्याच मैदानावर १९८३ मध्ये, त्याच तारखेला, भारताने विश्वचषक जिंकला. कपिलदेवने पळत जाऊन टिपलेला रिचर्ड्सचा झेल सगळ्यांना आठवतो. मुंबईच्या बलविंदर संधूची मात्र त्या मानाने कमी आठवण निघते. मार्शलचा उसळता चेंडू हेल्मेटवर आदळूनही तो शेवटच्या जोडीसाठी किरमाणीसोबत उभा राहिला. दोघांनी २२ धावा जोडल्या. मग त्यानेच आत वळवलेला चेंडू ग्रीनिजने सोडून दिला आणि त्रिफळा उडाला. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०.

याच दिवशी १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे लेखक जॉर्ज ऑर्वेल आणि १९३१ मध्ये माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांचा जन्म झाला.

१९७५ मध्ये याच रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. दिल्लीत वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. जयप्रकाश नारायण यांना पहाटेच अटक झाली. नागरिकांचे हक्क गोठवणारी ती आणीबाणी २१ महिने चालली.