लिलोची अर्धी अक्षरं

मी मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटला संगणक दुरुस्त करतो. लिनक्सचा इतिहास मला बिघाडांच्या क्रमाने आठवतो.

सगळ्यात जुना बिघाड लिलोचा. संगणक सुरू होताना लिनक्सला उठवायचं काम या छोट्या प्रोग्रॅमकडे होतं. एकेक टप्पा पार पडला की तो स्वतःच्या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर पडद्यावर टाकायचा. चारही अक्षरं उमटली की काम फत्ते. ‘एल-आय’वर गाडी अडली, तर समजायचं, पहिल्या टप्प्याने दुसरा आणला खरा, पण तो चालला नाही. जुन्या बायोसना डिस्कच्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं वाचता येत नसे. मोठ्या डिस्कवर ही हद्द साधारण ८.४ जीबीला पडायची. विंडोजला आधी ऐसपैस जागा दिली आणि उरल्यासुरल्यात लिनक्स बसवलं, की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हद्दीबाहेर. मग डिस्कच्या सुरुवातीलाच ‘बूट’चं छोटं पार्टिशन करायचं. आपलं नेमकं कुठे अडलंय हे इतकं सरळ सांगणारा प्रोग्रॅम मी नंतर पाहिला नाही.

मोडेमने मात्र छळलं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं आणि पुढे स्वस्त इंटर्नल मोडेम आले. त्यांचं बरंचसं काम विंडोजमधला ड्रायव्हरच करायचा. उत्पादक चिपची माहिती देत नसत, त्यामुळे लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिणारे चाचपडत पुढे जायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, लिनक्सला मोडेम कळत नाही. हे मला आजही खटकतं. दोष माहिती दडवणाऱ्यांचा होता. खोक्यावरचं नाव सोडून चिपवरचा नंबर वाचायची सवय तिथूनच लागली. एलएसपीसीआय ही कमांड तेच काम कार्ड न उपसता करते.

आमच्याकडचा खास बिघाड विजेचा. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१पासून सत्याग्रह होऊनही मुळशीचं धरण झालं. त्याचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज मुंबईला गेली, आणि आमच्या वाट्याला भारनियमन आलं. ईएक्सटी२ फाइल सिस्टीम असलेलं मशीन अचानक बंद पडलं, की पुढच्या वेळी एफएससीके अख्खी डिस्क तपासत बसायचं. तेवढ्यात पुन्हा वीज जायची. २००१च्या अखेरीस ईएक्सटी३ मुख्य कर्नलमध्ये आली. ती बदलांची नोंद आधी करून ठेवते, त्यामुळे वीज आल्यावर डिस्क लगेच सावरते. जुनी डिस्क पुसायचीही गरज नव्हती; ट्यून२एफएसची एक कमांड पुरायची. गावातल्या दुकानांत लिनक्स टिकलं ते माझ्या मते यामुळे.

हिंजवडीही आमच्या मुळशी तालुक्यातच. तिथल्या पोरांचे लॅपटॉप आता वेगळीच तक्रार घेऊन येतात: इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बऱ्याचदा बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटीवर असतं; एएचसीआयवर आणलं की डिस्क दिसते. पण विंडोजही ठेवायचं असेल, तर आधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावायचं आणि मगच बायोसला हात लावायचा. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल, तर रिकव्हरी की त्याआधी कागदावर उतरवून घ्यायची.