वाटाड्या कुत्रा आणि त्याचा शिष्य

आंधळ्याला वाट दाखविणाऱ्या कुत्र्याची गोष्ट निघाली की सारे कौतुक त्या मुक्या प्राण्याच्या वाट्यास येते. ते योग्यच आहे. तथापि या विद्येचा इतिहास पाहता असे दिसते की, तिच्यातील अवघड धडा कुत्र्याला नव्हे, त्याच्या धन्याला गिरवावा लागतो.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. पुढे पॉट्सडॅम येथे चाललेले हे शिक्षण पाहून, स्वित्झर्लंडमध्ये अल्सेशियन कुत्री जोपासणाऱ्या डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनी नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यावर एक लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या तरुणास तो वाचून दाखविण्यात आला. त्याचा एक डोळा बालपणी गेला होता, दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात. त्याने बाईंना पत्र घातले, आणि १९२८ साली तो स्वित्झर्लंडला निघाला. आगबोटीवर त्याला जवळजवळ सामानाच्या गाठोड्यासारखे सांभाळले गेले.

तेथे बडी नावाची अल्सेशियन मादी त्याच्या स्वाधीन झाली. ती आधीच शिकून तयार होती. शिकायचे होते ते फ्रँकला. कुत्र्याच्या अंगावरील चामडी साजाला एक ताठ मूठ असते. ती डाव्या हातात धरावयाची आणि तिच्यातून येणारी प्रत्येक हालचाल ओळखावयाची. पुष्कळांची समजूत असते की कुत्रा आपण होऊन माणसाला इच्छित स्थळी नेतो. तसे नाही. कोठे वळावयाचे हे माणसाने मनात नकाशा धरून सांगावयाचे. कुत्र्याने खांब, खड्डे, गाड्या टाळावयाच्या. स्वतः सहज खालून जाऊ शकेल अशी फांदीसुद्धा धन्याच्या डोक्याला लागेल म्हणून त्याने चुकवावयाची. पदपथाच्या कडेशी तो थांबला की माणसाने पायाने कड चाचपून पाहावी, शाबासकी द्यावी आणि मगच पुढची आज्ञा करावी. चाचपडत चालण्याची सवय जडलेल्याने भरभर पावले टाकावयाची, हेही सोपे नव्हे.

परंतु सर्वांत कठीण गोष्ट निराळीच. समोरून गाडी येत असता 'पुढे चल' म्हटले, तर कुत्र्याने ते मोडावयाचे असते. कुत्र्याला ही अवज्ञा शिकवता येते. ती निमूटपणे मानणे माणसाला शिकवावे लागते. आज्ञा आपली, आणि निर्णय मात्र त्या जनावराचा! स्वाभिमानी माणसाला हे सहजासहजी पचत नाही.

फ्रँकची खरी परीक्षा जून १९२८ मध्ये न्यूयॉर्कला झाली. गोदीलगतचा, वाहनांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवा, असे पत्रकारांनी त्याला आव्हान दिले. गोंगाटात त्याची दिशा हरवली. मग मूठ तेवढी धरून तो बडीच्या मागोमाग गेला. ती थांबे तेथे थांबला, मागे सरे तेव्हा मागे सरला, आणि सुखरूप पलीकडे पोहोचला. त्याने यूस्टिस बाईंना तार केली ती एका शब्दाची : यशस्वी.

जानेवारी १९२९ मध्ये नॅशव्हिलला 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. १९३८ साली बडी वारली. फ्रँकने दुसरा कुत्रा घेतला व त्यालाही बडी हेच नाव दिले. नाव जुनेच, पण चाल नवी, मुठीतली ओढ नवी. जुन्या सोबत्याच्या वेगाला सरावलेला हात नव्याकडूनही तोच वेग मागतो, आणि म्हणून अनुभवी माणसालाही पदपथाच्या कडेपासूनच पुन्हा आरंभ करावा लागतो.