झाडीपट्टीची नाट्यशाळा
पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वैनगंगेकाठच्या आरमोरी परिसरात, नाट्यकलेचे शिक्षण पूर्वापार गावच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, मिळत आले. धानाची कापणी संपली की मंडईच्या जत्रेच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने खेळ होत. पोरे आधी मागे उभी राहून झील धरत, मग सोंग घेत. स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवीत. पुढे संगीत नाटके रुजली आणि शेजारचे वडसा हे नाटक कंपन्यांचे केंद्र बनले. दिवाळी ते होळी हा हंगाम, रात्रभर चालणारे प्रयोग आणि तिकीट काढून बसलेला गावकरी. नवख्याची याहून कडक परीक्षा क्वचितच एखादे कलाविद्यापीठ घेत असेल. पदवी मात्र मिळत नाही. पदवी देणारे विद्यापीठही या भागात उशिराच आले: १९८२मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, २०११मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले. पण याच झाडीपट्टी रंगभूमीवर घडलेले नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री जाहीर झाली.