‘मोकळी जागा’ म्हणजे नेमकी किती?

लोअर परळच्या काचेच्या टॉवरचा विषय निघाला की आपण थेट १९८२ च्या संपावर येतो. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या बुडाल्या, मॉल आले. हे खरंच आहे. पण जमीन कोणाकडे जाणार हे संपात ठरलं नाही. ते नंतर ठरलं, नियमावलीच्या कागदावर.

१९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन नव्याने विकसित करायची तर ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. पळवाट होतीच म्हणा! जुनी शेड तशीच ठेवून आत दुसरा धंदा थाटला, तर वाटणी लागत नव्हती.

२००१ च्या दुरुस्तीने मात्र सगळं गणितच बदललं. वाटणी आता फक्त ‘मोकळ्या जागेची’, आणि शेड पाडून रिकामी झालेली जमीन मोकळी धरायची नाही. मी विज्ञानाच्या शाखेतून आलेय, मला आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. तुम्हीही मांडून बघा. समजा गिरणी ३० एकरांची, त्यातले २४ एकर बांधकामाखाली. जुन्या हिशेबाने प्रत्येकाला १० एकर. नव्या हिशेबाने उरलेल्या ६ एकरांचेच तीन वाटे: पालिकेला २, म्हाडाला २ आणि मालकाला २६!

२४ एकर हा आकडा उदाहरणापुरता आहे, पण अगदी हवेतला नाही. विणाई खात्याच्या शेड बहुधा एकमजली, करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या. थेट ऊन न येता साच्यांवर सारखा उजेड पडावा म्हणून काचा उत्तरेकडे. असं बांधकाम उंच जात नाही, आडवं पसरतं. म्हणजे ज्या उजेडात कामगार राबले, त्याच्याच रचनेने त्यांच्या घरांचा वाटा खाल्ला.

प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल जुन्या वाटणीच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. जमीन विकली तर कामगारांची थकलेली देणी भागतील, असा युक्तिवाद होता. तो मला सरळ झटकून टाकता येत नाही. वर्षानुवर्षं पैसे अडकलेल्या घराला बागेपेक्षा थकबाकी आधी हवी असणार. पण देणी आणि घर यांतलं एकच मिळेल, अशी वेळ त्याच्यावर का यावी?

दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना विकली होती. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत काढली ती २०१२ साली. घरं ६,९२५, अर्ज सुमारे दीड लाख.