शेजारी नको, बचावपटू हवा!

माणसाला मान्यता दोन प्रकारे मिळते. एक हक्काने, दुसरी मेहेरबानीने. मेहेरबानीची मान्यता किती कच्ची असते, हे जर्मनीचा निवृत्त फुटबॉलपटू जेरोम बोआटेंग याच्या कारकिर्दीतून स्पष्ट दिसते.

बोआटेंगचा जन्म १९८८ साली बर्लिनमध्ये झाला. आई जर्मन, वडील घानाचे. २००९ पासून तो राष्ट्रीय संघासाठी ७६ सामने खेळला. २०१४ च्या विश्वविजेत्या संघाच्या बचावफळीचा तो कणा होता. बायर्न म्युनिककडून त्याने २०१३ आणि २०२० मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. देशाला आणखी काय द्यायचे असते?

तरीही २९ मे २०१६ रोजी ‘आल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी’ या उजव्या पक्षाचे तेव्हाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर गाउलांड यांचे विधान वृत्तपत्रात छापून आले. लोकांना बोआटेंग फुटबॉलपटू म्हणून आवडतो, पण शेजारी म्हणून नको असतो, असा त्याचा आशय होता. आडनाव विचारून ज्यांना भाड्याचे घर नाकारले गेले, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. श्रम हवेत, सहवास नको!

जर्मनीत संताप उसळला. त्याच दिवशी ऑग्सबुर्गच्या सामन्यात प्रेक्षकांनी बोआटेंगच्या बाजूने फलक झळकावले. पक्षाध्यक्ष फ्राउके पेट्री यांना माफी मागावी लागली. दोन आठवड्यांनी, १२ जूनला, युरो स्पर्धेत युक्रेनविरुद्ध त्याने गोलरेषेवरून चेंडू अक्षरशः खेचून बाहेर काढला. मग असा शेजारी कोणाला नको, असे कौतुक सुरू झाले.

आमचा आक्षेप या कौतुकावरही आहे. गोल वाचवला म्हणून शेजार मान्य, तर ज्याला गोल वाचवता येत नाही त्याचे काय? २०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रयासाठी जर्मनीत आले. त्यांच्याकडे दाखवायला विश्वचषक नव्हता. मग त्यांनी माणूसपण कशाने सिद्ध करायचे?

पुढे २०२४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने माजी जोडीदार महिलेला मारहाण केल्याबद्दल बोआटेंगला दोषी ठरवले. या गुन्ह्याचे समर्थन आम्ही करणार नाही. वर्णभेदाचा बळी असणे म्हणजे स्त्रीवर हात उचलण्याचा परवाना नव्हे. मात्र त्याच्या कृत्याची शिक्षा त्याच्या वर्णाला देता येणार नाही. गोऱ्या खेळाडूने गुन्हा केला, तर सगळ्या गोऱ्यांचा शेजार कोणी नाकारतो का?

म्हणूनच बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीला बंधुतेचा आग्रह धरला. बंधुता म्हणजे गुणवंताला दिलेले बक्षीस नव्हे. सामान्य, अपयशी, चुकणाऱ्या माणसालाही शेजारी राहण्याचा जो हक्क असतो, ती बंधुता. तो हक्क मिळवण्यासाठी कोणालाही विश्वविजेता व्हावे लागू नये.

जय भीम!