ध्वनिसंग्रह आणि साठवणीचा वेग

यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या परिसरात बोलली जाणारी कोलामी ही द्राविड कुळातील भाषा होय. तिला स्वतःची परंपरागत लिपी नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची नोंद आहे. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. परंतु लेखनात उच्चार पूर्णांशाने उतरत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणच हवे, आणि ध्वनिमुद्रण म्हटले की साठवणीचा प्रश्न आलाच.

आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या चकतीयंत्रात सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आज सेकंदास ९६ हजार नमुने घेणाऱ्या २४ बिटांच्या स्टिरिओ मुद्रणास तासाला सुमारे २ गिगाबाइट जागा लागते. अशा शंभर तासांची प्रत करण्यास यूएसबीच्या १९९८ च्या आवृत्तीच्या कमाल वेगानेही (सेकंदास १२ मेगाबिट) दीड दिवस लागे. २००० च्या आवृत्तीने (४८० मेगाबिट) सुमारे एक तास. २००८ च्या आवृत्तीत (५ गिगाबिट) तारेचा वेग इतका वाढला की, अडथळा फिरत्या चकतीचाच उरला. तो एसएसडीने दूर केला.

वेग ही केवळ सोय नव्हे. जी प्रत करण्यास दीड दिवस लागतो, ती उद्यावर ढकलली जाते. आणि एकमेव प्रत नष्ट झाली, तर ती कथा सांगणारी वृद्धा पुन्हा भेटेलच असे नाही. मात्र विजेविना दीर्घकाळ पडून राहिलेल्या एसएसडीतील विद्युत्भार क्षीण होतो. सबब नवे साधन घेतल्यावरही एक प्रत फिरत्या चकतीवर राखणे इष्ट होय.